लाड मागून, घड्याळ आधी

चि. मुला,
आशीर्वाद.

परवा रात्री आणलेलं कुत्रं दिवाणाखालून निघत नाही, दूध-पोळी खाऊन त्याला जुलाब लागलेत, आणि आई म्हणते, महिन्याभरानं द्यायचंच आहे तर जीव कशाला लावायचा. तिन्ही अडचणींवर माझं उत्तर एकच आहे: घड्याळ. हसू नकोस.

आधी दूध-पोळी बंद, आत्ताच. ८ किलो वजन आणि बरगड्या दिसतात म्हणतोस. एवढ्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ३२० कॅलरी लागतात, पण उपासमार झालेल्याला पहिल्या दिवशी त्याच्या पावच द्यायच्या, म्हणजे ८०. एका उकडलेल्या अंड्यात जवळजवळ तेवढ्या असतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या, तिसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण. उपाशी शरीरातला फॉस्फरस आटलेला असतो. पोळी, भात, दूध पोटात गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तात उरलेला फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढून नेतं. मग पाय लटपटतात, धाप लागते, झटके येतात, हृदयही बंद पडू शकतं. भुकेतून वाचलेलं जनावर जेवणानं जातं ते असं. तुझी पोळी दोन दिवस झालीच आहे, तेव्हा उद्या सकाळी डॉक्टरला सांगून फॉस्फरस तपासून घे. जवळ सोय नसेल तर इंदूरहून महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब नाही.

पिल्लांसाठीचं सुकं खाद्य आण, त्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असते. कोमट पाण्यात भिजव. आज दिवसभराचं मिळून २०-२२ ग्रॅम, काट्यावर तोलून. मुठीचा अंदाज नेहमी दुप्पट निघतो. त्याचे सहा वाटे: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, पुन्हा २. हो, रात्रीचे दोन. गजर लाव.

दिवाणाखालून ओढून काढायचं नाही. वेळ झाली की वाटी ठेवायची, पाठ करून बसायचं, वीस मिनिटांनी वाटी उचलायची. रोज तीच वाटी, तोच कोपरा, तीच वेळ. वाटी दिवसाला वीतभर बाहेर सरकव, दोन वीत नको. तो ओठ चाटू लागला, उगाच जांभई दिली, डोळ्यांची पांढरी कड दिसली, की आणखी जवळ जायचं नाही. गुरगुरला तर रागावू नकोस. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या खेपेला न सांगता चावतं. आणि चावलंच, तर जखम साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धर आणि त्याच दिवशी इंजेक्शन घे. यात मोठेपणा दाखवू नकोस.

आजीला सांग, पोह्यांचा घास नको. आपल्या इंदुरी पोह्यांवर कच्चा कांदा असतोच, आणि कांद्यानं कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात नाही.

गोचिडी कानात आणि बोटांच्या बेचक्यात शोध. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ. रॉकेल-बिकेल लावू नकोस. रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी निघाल्या आणि डॉक्टरनं गोचीडतापावर डॉक्सिसायक्लिन दिलं, तर सहसा २८ दिवसांचं असतं. चौथ्या दिवशी शेपूट हलायला लागते आणि इथेच सगळे गोळी सोडतात. पुन्हा घड्याळ! गोळी खाण्यासोबत, वर पाणी, नाहीतर अन्ननलिका जळते.

बाहेर नेताना छातीचा पट्टा आणि गळपट्टा, दोन्हीला वेगळी दोरी. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून एका पट्ट्यातून सहज निसटतं. पहाटे साडेपाच आणि रात्री साडेदहा, रोज त्याच गल्लीनं. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे नेऊ नकोस, हे सांगायला नको, पण सांगतो. पाहुण्यांना ‘या, बघा आमचा नवा’ म्हणून बोलावणं पहिले तीन आठवडे बंद. लोक मला कोरडा म्हणतात. म्हणोत. जवळ घेण्यानं माणसाला बरं वाटतं. कुत्र्याला बरं वाटतं ते पुढे काय होणार हे कळल्यानं, आणि त्याला ते घड्याळातूनच कळतं. यात मी तसूभरही हलणार नाही.

आता आईचं. वही कर: जेवणाच्या वेळा, ग्रॅम, शी कशी झाली, कशाला घाबरला. कुत्रं दुसऱ्या घरी गेलं तर वही त्याच्याबरोबर जाईल, आणि तिथेही ६ वाजता तीच वाटी येईल. राहिलं, तर मात्र ठरव की रविवारी ६ ला कोण उठणार. वडिलांना विचार. बहुतेक घरांत ‘कुत्रा नको’ म्हणणाराच उठतो, म्हणून नाव आधी वहीत लिहून घे. जीव लागणारच, तो लागू नये म्हणून त्याला तोडून वागलास, तर नव्या घरी कुत्रंही तसंच वागेल.

फॉस्फरसचा आकडा आला की कळव. तोवर उद्याचं खाद्य रात्रीच तोलून सहा डब्यांत ठेव.

तुझा,
काका