गोष्ट नंतर, आधी रात्रीचं विचार

अनेक आशीर्वाद.

छातीत धडधड, जुन्या अपघाताच्या आठवणी आणि झोपेचे हाल, अशा तिन्ही तक्रारी एकदम घेऊन समुपदेशनाला आलेला क्लायंट समोर बसला तर हात कुठे घालायचा, असं तू विचारलं आहेस. तुझा कल आठवणींकडे आहे हे पत्रातून दिसतंच. मूळ तिथे आहे, ते निघालं की बाकीचं आपोआप निस्तरेल, असा तुझा हिशेब. मी पहिल्या भेटीत अपघाताचं दोन वाक्यांत ऐकून घेते, बाकीचं सांगायची घाई नाही म्हणते आणि रात्रीकडे वळते. किती वाजता आडवे होता? झोप लागेपर्यंत काय चालू असतं? मध्ये जाग आली की घड्याळ बघता का? सुट्टीच्या दिवशी कधी उठता?

आल्या आल्या सगळं ओकून टाकायला लावलं की माणूस मोकळा होतो, ही समजूत फार चिवट आहे. एखाद्या दुर्घटनेनंतर लोकांना लगेच एकदा बसवून घडलेलं सविस्तर बोलायला लावायची पद्धत एकेकाळी सर्रास वापरात होती. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ सालच्या आढाव्यात, पीटीएसडी (आघातानंतर रेंगाळणारा मानसिक आजार) टाळण्यासाठी तिचा उपयोग होतो असं दिसलं नाही, उलट काहींना त्रासच झाला असावा असं निघालं. ठरवून, पुरेशा सेशन्समध्ये केलेली ट्रॉमा थेरपी, म्हणजे आघातावरचे मानसोपचार, ही वेगळी गोष्ट, आणि ती उपयोगी पडते. पण पहिल्या तासात तुझी उत्सुकता भागवण्यासाठी कुणी आपली जखम उघडू नये.

आता मुद्द्याचं. चिंता, आघात आणि निद्रानाश सुरू होतात वेगवेगळ्या कारणांनी, पण टिकतात बऱ्याचदा एकाच कारणानं. माणूस त्रासापासून वाचायला जे जे करतो, तेच त्रासाला पोसतं. म्हणून ‘हे कशामुळे झालं’ याच्या जोडीला ‘यातून सुटायला तुम्ही रोज काय करता’ हे विचार. झोपेत हे सगळ्यात लवकर दिसतं आणि मोजताही येतं, म्हणून मी सुरुवात तिथून करते.

एक नेहमीचं उदाहरण घे. दमलोय म्हणून क्लायंट रात्री नऊलाच अंथरुणावर पडतो, सकाळी सहाला उठतो. झोपेची डायरी, म्हणजे रोजच्या झोपेची नोंद, भरून आणली की कळतं, झोप जेमतेम साडेपाच तास. म्हणजे नऊपैकी साडेतीन तास तो अंधारात कूस बदलत, उद्याची चिंता करत पडून असतो. हे महिनोन्‌महिने चाललं की अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, असं शरीर शिकून बसतं. झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलं ते हेच: मुळातला कल आणि सुरुवात करून देणारा प्रसंग आपल्या हातात नसतात, पण नंतर लागलेल्या सवयी मोडता येतात. लवकर पडणं, दुपारची डुलकी, सुट्टीला उशिरापर्यंत लोळणं, या त्या सवयी.

अशा माणसाला मी सांगते, बाराच्या आधी पडायचं नाही आणि काहीही झालं तरी सहाला उठायचं. झोप लागेना तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. हा दुसरा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ सालचा, आणि अजून टिकून आहे. अंथरुणावरच्या वेळातला सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की अंथरुणावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटांनी वाढवायचा. तो पाच तासांच्या खाली मात्र कधी न्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात दिवसा पेंग वाढणार, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तिसऱ्या दिवशी तो सोडून देईल. बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) किंवा फिट्सचा इतिहास असेल, माणूस वाहन किंवा मशीन चालवत असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर हा प्रयोग परस्पर करू नकोस, आधी डॉक्टरांकडे पाठव. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम बंद करायचा सल्ला तुझ्या तोंडून जाता कामा नये.

चिंतेतही तीच गत. पॅनिक अटॅक येणारा माणूस दाराजवळची खुर्ची धरतो, पाण्याची बाटली सोडत नाही, दर थोड्या वेळानं नाडी बघतो. अटॅक ओसरला की श्रेय बाटलीला. हृदय आणि थायरॉइड तपासून झालं असेल, तर सेशनमध्येच त्याच्याबरोबर जागच्या जागी मिनिटभर धाव. दोघांचीही छाती धडधडू दे. मग गप्प बस, आणि काहीही न करता ती कशी खाली येते ते त्याला बघू दे. दीर्घ श्वास शिकवायला माझी ना नाही, पण तीच नवी बाटली होत नाही ना, याकडे लक्ष ठेव.

आघाताच्या बाबतीत एक प्रश्न सगळ्यांच्या आधी: धोका खरंच संपला आहे का? मारणारा माणूस अजून त्याच घरात राहत असेल तर रात्री जागं राहणं हा आजार नाही, शहाणपण आहे, आणि तुझं पहिलं काम सुरक्षिततेचं. धोका संपलेला असेल तर मात्र तयारीच्या नावाखाली महिनोन्‌महिने विषयाला हात न लावणं ही आपलीच पळवाट. आठवणींवर काम करशील त्या दिवशी शेवटची दहा-पंधरा मिनिटं सावरायला राख. दुःस्वप्नांसाठी, दिवसा जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि तो रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण अनेकांची दुःस्वप्नं त्यानं कमी होतात.

तुझी क्लायंट रोज रात्री मेसेज करून ‘मला काही होणार नाही ना?’ विचारते आणि तू लगेच उत्तर देतेस, असं लिहिलं आहेस. तिची बाटली आता तू झाली आहेस. पुढच्या सेशनमध्ये हे तिच्याशी मोकळेपणानं बोल आणि उत्तरं हळूहळू कमी करायचं दोघींनी मिळून ठरवा. जीव द्यायचा विचार हा मात्र यातला अपवाद. तो सरळ शब्दांत विचारायचा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. आणि अशा रात्री तिनं कुणाला फोन करायचा, हे आधीच कागदावर लिहिलेलं असू दे.

झोपेच्या डायरीचा नमुना सोबत पाठवते आहे. ती रात्री घड्याळ बघून भरायची नसते, सकाळी उठल्यावर अंदाजानं भरायची. हे मुद्दाम सांग, कारण चिंता करणारी माणसं मिनिटांचा हिशेब लावत जागत बसतात. दोन आठवड्यांच्या डायऱ्या जमल्या की मला पाठव, फक्त नावं काढून.

तुझी,
ताई