रात्रीच्या ट्रेन-बसने व्हिएतनाम : दोघांना झेपेल का?

तुमचा प्रश्न असा आहे : "मी आणि बायको पाठीवर सॅक टाकून हनोई ते सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) आणि पुढे कंबोडिया, असं रात्रीच्या ट्रेन-बसनेच करायचं म्हणतोय. हॉटेलचे पैसे वाचतील ना? आणि जोडप्याने करण्यासारखं आहे का?"

आम्ही दोघांनी हाच मार्ग एकोणीस दिवसांत केला. करण्यासारखा नक्की आहे. पैसे मात्र तुम्ही धरताय तेवढे वाचत नाहीत.

आमचं एकमेव मोठं भांडण न्हा ट्रांगला झालं, पहाटे चार वाजता. होई आनहून स्लीपर बस घेतली होती, आणि ती निवड माझी. चढतानाच चपला काढायला लावतात. दारातला पोऱ्या एक प्लास्टिकची पिशवी हातात कोंबतो, त्यात आपले बूट घालायचे आणि ते पोटाशी घेऊन आत जायचं. आत तीन रांगा, दोन मजले, मध्ये दोन चिंचोळ्या वाटा. झोपायला सपाट बर्थ नसतो. अर्धवट रेललेली खुर्ची असते आणि पाय पुढच्या माणसाच्या पाठीखालच्या खोक्यात सरकवायचे. मी जेमतेम पाच फूट, मला पाळण्यात घातल्यासारखं वाटलं. नवरा पाच अकरा. त्याचे गुडघे रात्रभर छताकडे बघत होते. शेजारी-शेजारी झोपू वगैरे मनात असेल तर काढून टाका, दोघांच्या मधून वाट जाते.

त्यातून बसने आम्हाला स्टँडवर नाही, तर कंपनीच्या बंद शटरसमोर उतरवलं. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार. फुटपाथवर सॅकवर बसून, "वाचवलेस ना पैसे?" एवढंच तो बोलला, पण ज्या सुरात बोलला! मग कॉफी मिळेपर्यंत अबोला. शेवटी वैतागून समुद्राकडे गेलो, तर तिथे पाच वाजता जत्रा भरलेली. आज्या रांगेत कवायत करतायत, आजोबा पोहून अंग पुसतायत. ती सकाळ छान गेली, पण आठ वाजता डोळे उघडे राहीनात, म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं जादा भरून खोली घेतलीच. रात्रीचं हॉटेल वाचलं ते असं.

म्हणून माझं मत : रात्र काढायची ती ट्रेनमध्ये, बस दिवसाची. आणि सलग दोन रात्री चाकांवर कधीच नाही.

ट्रेन खरंच बरी आहे. हनोई ते सायगॉन १,७२६ किलोमीटरचा मार्ग, फ्रेंचांच्या काळात सुरू होऊन १९३६ साली पूर्ण झालेला. १९५४ ला देशाची फाळणी झाली तेव्हा तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला. अजूनही मीटरगेज आणि बहुतेक एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी थांबत थांबत जाते. पूर्ण अंतराला तीस तासांच्या वर धरा. ते एका दमात करू नका.

डब्यांत दोन प्रकार. 'हार्ड स्लीपर'ला खोलीत सहा बर्थ, 'सॉफ्ट'ला चार. सहावाल्यात सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त, पण तिथे ताठ बसताही येत नाही. चारवालाच घ्या, एक खालचा आणि त्याच्याच वरचा. म्हणजे दिवसा खालच्या बर्थवर दोघांना हक्काने बसता येतं. उरलेले दोघं कोण येतील ते नशीब. आमच्या वाट्याला एक आजी आणि तिचा नातू आला. भाषा शून्य, पण तिने संत्री सोलून आधी नवऱ्याच्या हातात दिली, मग माझ्या. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी मिळतं, कपवाले नूडल्स त्यावरच होतात. शाकाहारी असाल तर पाकिटावर 'चाय' शब्द बघा. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी खाणं. ऐकायला 'आण चहा' वाटतं, चहाशी संबंध नाही. नुसतं "मांस नको" सांगितलं तर माशाचा सॉस येतोच.

आमचा क्रम, चुका सुधारून : हनोई ते ह्युए रात्रीची ट्रेन, साधारण ६८८ किलोमीटर, संध्याकाळी निघून सकाळी उजाडल्यावर पोचते, म्हणून चालते. तिथे दोन रात्री. ह्युए ते दा नांग मात्र दिवसाच्या ट्रेननेच, आणि डाव्या बाजूची सीट. हाय वान घाटात रूळ समुद्राच्या कडेकडेने वळतात, खाली पांढरा फेस दिसतो. बस घेतलीत तर ती २००५ साली झालेल्या बोगद्यातून सहा किलोमीटर अंधारात जाते आणि दिसत काही नाही. होई आनला स्टेशन नाही, दा नांगला उतरून तीसेक किलोमीटर गाडी करावी लागते. पुढे न्हा ट्रांगला पुन्हा रात्रीची ट्रेन, पण पोचायची वेळ बघून तिकीट काढा. सुटायची वेळ सगळेच बघतात. न्हा ट्रांग ते सायगॉन दिवसा.

ई-व्हिसा सिंगल एंट्रीचा २५ डॉलरला होतो. अर्जात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते विचारतात. बाहेर पडण्याच्या रकान्यात विमानतळ टाकू नका, मोक बाई हा सीमेवरचा नाका निवडा, कारण सायगॉन ते नॉम पेन्ह बस तिथूनच जाते. पलीकडे कंबोडियाचा बावेट नाका. बसचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून घेऊन जातो, पहिल्यांदा पोटात गोळा येतो. कंबोडियाच्या व्हिसासाठी सुटे, न फाटलेले डॉलर जवळ ठेवा. आमची एक नोट कोपऱ्यात चिमूटभर फाटलेली होती, ती परत आली.

आणि हो, व्हिएतनामची वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळी. रात्रीच्या ट्रेनमधून अर्धवट झोपेत उतरून नवऱ्याने टॅक्सीवाल्याला दुसरी दिली. तो बिचारा हसून परत देऊन गेला, नेहमी तसंच होईल असं नाही. पाच लाखवाल्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

कधी निघताय ते लिहिलं नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर ह्युए-दा नांग पट्ट्यात पाऊस आणि पूर, कधी ट्रेनही अडकते. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, तेव्हा अख्खा देश गावी निघतो आणि बर्थ मिळणं मुश्कील. महिना कळवा, त्याप्रमाणे क्रम फिरवून सांगते.