विकी टाकलास? आधी एवढं कर
स्वतःचा विकी उभा केलास, झकास! आता त्याला ‘स्टोअर्ड एक्सएसएस’ (क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग) या हल्ल्यापासून सांभाळ. यात कुणीतरी पानात पेरलेली स्क्रिप्ट डेटाबेसमध्ये ठाण मांडते आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालते. अ‍ॅडमिनने उघडलं, तर त्याच्या अधिकारांनिशी.

- मीडियाविकीत (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) कच्चं एचटीएमएल मुळात बंदच असतं. कुणी कितीही गळ घातली तरी चालू करू नकोस.
- एसव्हीजी अपलोड तूर्त नको. दिसायला चित्र, पण आत स्क्रिप्ट मावते.
- एक्स्टेन्शन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) मोजकीच घे, अपडेट लगेच कर.

स्वतः एक्स्टेन्शन लिहिलंस तर नवख्यांची नेहमीची चूक टाळ: ‘स्क्रिप्ट’ टॅग तेवढा गाळायचा आणि निर्धास्त व्हायचं. ‘ऑनएरर’सारखे, स्क्रिप्ट चालवू शकणारे एचटीएमएल गुणधर्म मोकळेच राहतात (मीही यात फसलोय). मजकूर पानावर उतरवताना एस्केप कर, म्हणजे ‘<’सारखी चिन्हं कोड न ठरता नुसती अक्षरं म्हणून दिसतील. शीर्षक आणि संपादन सारांशसुद्धा. सीएसपीचं (कोणती स्क्रिप्ट चालू द्यायची हे ब्राउझरला सांगणारे नियम) नंतर बघू.