बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतल्यावरही यहुदी पर्शियाचे मांडलिकच होते, मग त्यांनी देवाचे आभार कशाबद्दल मानले?

शंका रास्त आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकलं आणि यहुद्यांना यरुशलेमला जाऊन मंदिर बांधायची मुभा दिली. पण दावीद राजाच्या घराण्याचं राज्य काही परत आलं नाही. सारा भरायचा तो पर्शियालाच. हे त्यांनाही कळत होतंच. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ते देवालाच ऐकवतात: तू आमच्या वाडवडलांना दिलेल्या जमिनीत आम्ही दास आहोत आणि तिचं पीक राजांच्या घरात जातं.

मी आमच्या चर्चच्या संडे स्कूलला शिकवतो. मुलं हाच प्रश्न विचारतात, तेव्हा मी बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकाचा नववा अध्याय काढतो. तिथे एज्रा, म्हणजे परतलेल्या यहुद्यांचा याजक, आभार मानायला बसलेलाच नाही. अंगरखा फाडलाय, डोक्यादाढीचे केस उपटलेत, संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी तो गुडघे टेकून पापाची कबुली देतोय. त्यातच म्हणून जातो, की क्षणभर कृपा झाली, आमच्यातले काही उरले आणि पवित्र स्थानी आम्हाला एक खुंटी मिळाली.

मूळ हिब्रू शब्द ‘यातेद’. तंबूच्या मेखेलाही तोच आणि भांडी अडकवायच्या खुंटीलाही तोच. मला खुंटीच पटते. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकताना आपला हात कसा कचरतो! इथे घर दुसऱ्याचंच राहिलं, पण खिळा ठोकू दिला. पुढच्याच वचनात एज्रा स्वतः सांगतो, आम्ही दासच आहोत, तरी देवाने आम्हाला टाकलं नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं, तेव्हा खरा धसका हाच होता, की देवाशी नातंच तुटलं. ते तुटलं नव्हतं, याचे आभार.

(याच प्रार्थनेनंतर दहाव्या अध्यायात परजातीच्या बायकांना मुलांसकट घालवून द्यायचं ठरतं. ते मला आजही पचत नाही आणि मुलांपासून मी ते लपवतही नाही.)

आणि आभार म्हणजे निव्वळ आनंदीआनंद, असंही नव्हतं. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे हमसून रडले, बाकीचे हर्षाने ओरडले. लोकांना रडणं कुठलं नि जल्लोष कुठला हे ओळखू येईना, असं एज्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे.

एकच काही वाचणार असाल तर १२६ वं स्तोत्र वाचा, सहाच वचनं आहेत. सुरुवातीला ‘आम्ही स्वप्नात असल्यासारखे झालो’ म्हणून हसू आवरत नाही, आणि चौथ्या वचनात लगेच मागणं: नेगेबातल्या (दक्षिणेकडच्या रखरखीत प्रदेशातल्या) कोरड्या ओढ्यांना पाणी येतं, तसे आमचे दिवस पालटू दे.