भिंतीच्या कडांना ब्रशच्या रेघा दिसू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की भिंतीचा मधला भाग रोलरने मस्त आला पण छताखाली आणि कोपऱ्यात ब्रशने मारलेला पट्टा गडद दिसतोय, रेघा पण दिसतायत, तर ब्रशनेच अजून एक हात मारू का. नका मारू. ब्रशवर ब्रश मारलात की तो पट्टा अजून जाड होणार आणि अजून उठून दिसणार, मी स्वतः हे करून बसलोय.

आमचा डोंबिवलीचा वन बीएचके. दिवाळीच्या आधी पेंटरने सांगितलेला आकडा ऐकला आणि म्हटलं हॉल तरी आपणच रंगवू, त्यात काय एवढं. शनिवारी अख्ख्या हॉलची कटिंग मारली, म्हणजे कडा ब्रशने करून घेतल्या, अगदी निवांत, मध्ये दोनदा चहा पिऊन, आणि रविवारी रोलर फिरवला. सोमवारी सकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं तर चारही भिंतींना चौकट! आईने बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, काठ मुद्दाम ठेवलास का रे?

होतं काय, की रोलर रंगाला बारीक रव्यासारखा दाणा देतो आणि ब्रश देतो रेघा, त्यामुळे दोन्हीवर उजेड वेगळा पडतो आणि रंग एकाच डब्यातला असला तरी शेड दोन वाटतात. त्यात ब्रशने थर जाड बसतो. आणि मुख्य म्हणजे कटिंग वाळल्यावर तुम्ही तिच्यावर रोलर चढवला की तिथे जोड तयार होतो, तो काही केल्या लपत नाही. ओल्यात ओलं मिसळलं पाहिजे, सगळी गोम तिथे आहे.

म्हणून एका वेळी एकच भिंत घ्यायची. तिची कटिंग मारायची आणि लगेच रोलर, कडा ओली असतानाच. दोघं जण असाल तर फारच छान, एक जण ब्रश घेऊन पुढे आणि दुसरा रोलर घेऊन मागे (आमच्याकडे बायको रोलरवर होती आणि तिचं काम माझ्यापेक्षा साफ आलं, असो). एकटे असाल तर दोन-तीन फूट कटिंग, मग तेवढाच रोलर, परत पुढे. पंखा बंद ठेवा, हे लोक विसरतात, ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावून रंगवलं तर कडा बघता बघता वाळते.

आणि चार इंची छोटा रोलर आणाच, स्वस्त असतो. ब्रशने दोन इंचाचा पट्टा मारला की त्यावर लगेच हा छोटा रोलर आडवा फिरवायचा, छताच्या जितक्या जवळ जाता येईल तितका, म्हणजे ब्रशचं काम जेमतेम अर्धा-पाऊण इंच उरतं आणि तेवढं कोणाला दिसत नाही. माझ्या मते निम्मा प्रॉब्लेम यानेच सुटतो.

ब्रशबद्दल. इमल्शन, म्हणजे घरात भिंतींना मारतो तो नेहमीचा रंग, पाण्याचं असतं, त्यामुळे जनावराच्या केसांचा ब्रश पाणी पिऊन लुळा पडतो, सिंथेटिक केसांचा दोन किंवा अडीच इंची घ्या. सुरू करण्याआधी पाण्यात बुडवून नीट झटका, ओलसर ब्रश रंग सारखा सोडतो. एक तृतीयांश केसच रंगात बुडवा. आणि एकदा लांब हात ओढला की सोडून द्या! अर्धवट वाळलेल्या रंगावर परत परत ब्रश फिरवल्यानेच सगळ्यात जास्त रेघा उठतात, हात शिवशिवतो माहितीये, तरी नाही. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच घाला, पण ब्रशला आणि रोलरला एकाच बादलीतला कालवलेला रंग वापरा, वेगवेगळा पातळ केलात तर परत शेडची बोंब. दोन डबे असतील तर आधीच मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या.

अजून एक, कोपऱ्यात प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, नीट पोचला होता का? बरेचदा प्राइमर नुसता रोलरने मारलेला असतो आणि कडेला कोरडी पुट्टीच राहते, ती रंगातलं पाणी ओढून घेते, ब्रश अडखळतो आणि रेघ तिथेच राहते. मास्किंग टेप लावणार असाल तर रंग ओलसर असतानाच हळू ओढून काढा. छताला जुना डिस्टेंपर (हात लावला की पावडर सुटते तो रंग) असेल तर टेप धड चिकटतच नाही, मग हातानेच कटिंग मारलेली बरी.

आता तुमच्या झालेल्या भिंतीचं. एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो पट्टा हलक्या हाताने घासा, बोट फिरवून उंचवटा लागत नाही तोपर्यंत (तोंडाला रुमाल बांधा). ओल्या फडक्याने धूळ पुसा, वाळू द्या. मग वर सांगितलं तसं कटिंग, छोटा रोलर आणि लगेच मोठा रोलर पूर्ण भिंतीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. फक्त पट्ट्यालाच टचअप केलंत तर एका चौकटीच्या जागी दुसरी चौकट येईल, विशेषतः रंग सॅटिन (हलकी चमक असलेला) किंवा चकचकीत असेल तर, बिनचमकीच्या मॅटमध्ये थोडं खपून जातं. मी तीन भिंती अशा परत केल्या, चौथीसमोर कपाट आहे, ती तशीच आहे अजून.