जुना व्हॅक्यूम क्लीनर लिलावात घेताना: चकचकीत नको, पूर्ण हवा

मागच्या अंकात माझ्याकडच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनर्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. तीन पत्रं निवडलीत, बाकीच्यांचे प्रश्न साधारण यातच येतात.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. शेजारच्या आजींकडे जुना इलेक्ट्रोलक्स पाहिला, बर्फावरच्या घसरगाडीसारख्या पट्ट्यांवर सरकणारा, आणि तेव्हापासून तसाच हवा असं डोक्यात बसलंय. ईबेवर तीनदा बोली लावली, तिन्ही वेळा शेवटच्या चार-पाच सेकंदांत कुणीतरी पुढे गेलं. परवा तर माझी बोली ६३ डॉलर होती आणि ६४ ला गेला! एका डॉलरने! शेवटच्या सेकंदाला आपोआप बोली लावणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? आणि मुळात काय बघून घ्यायचं?

उत्तर: आधी तो एक डॉलर मनातून काढून टाका, कारण तुम्ही एका डॉलरने हरलाच नाहीत. ईबेवर आपण जो आकडा भरतो तो आपला जास्तीत जास्त आकडा असतो, तो समोरच्याला दिसत नाही, आणि सिस्टीम आपल्या वतीने फक्त गरजेपुरतंच वर चढते. २५ ते १०० डॉलरच्या दरम्यान ही पायरी एका डॉलरची आहे. म्हणजे तुमचे ६३ असतील आणि समोरच्याने १५० भरून ठेवले असतील तरी त्याला ते मशीन ६४ लाच मिळणार आणि तुम्हाला वाटणार की थोडक्यात गेलं. तुम्ही ७० केले असते तर ७१ ला गेलं असतं, एवढाच फरक. त्यामुळे सॉफ्टवेअर नको. एकच करा, आदल्या दिवशी शांतपणे बसून, शिपिंग आणि टॅक्स धरून, हे मशीन माझ्यासाठी किती रुपयांचं, सॉरी डॉलरचं, ते कागदावर लिहा, शेवटच्या मिनिटात तो आकडा एकदाच भरा आणि परत हात लावू नका. लवकर बोली लावून रोज दोन-दोन डॉलर चढवत बसलं की आपणच भाव वाढवतो, दुसरं काही होत नाही. आणि तुमच्या गावातल्या एस्टेट सेलवाल्यांचे, म्हणजे घरातलं सगळं सामान विकून देणाऱ्यांचे, जे ऑनलाइन लिलाव असतात तिथे बऱ्याचदा शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढतो, जिंकलेल्या बोलीवर बायर्स प्रीमियम म्हणून घेणाऱ्याकडून आणखी काही टक्के लावतात, ते आधी वाचून घ्या.

आता काय बघायचं. तुम्ही सांगताय तो बहुतेक मॉडेल एक्सएक्सएक्स असावा, रोमन आकडा आहे तो, म्हणजे ३०. १९३७ सालचा, लुरेल गिल्ड या डिझायनरने केलेला. पट्ट्यांवर सरकणारी रचना त्याच्याही आधीची, स्वीडनमध्ये १९२१ च्या मॉडेल व्ही पासूनची. सेलरला बऱ्याचदा मॉडेल माहीतच नसतं, घरातलं कुणीतरी गेलेलं असतं आणि नातवंडं बेसमेंट रिकामं करत असतात, त्यामुळे नुसतं मॉडेलच्या नावाने शोधलंत तर चांगली मशीन्स दिसणारच नाहीत. ओहायो-इंडियानाकडची जुनी माणसं व्हॅक्यूमला स्वीपर म्हणतात, तुम्ही ऐकलंही असेल, म्हणून जुना स्वीपर असं टाकून शोधा, इलेक्ट्रोलक्सचं स्पेलिंग चुकवूनही शोधा, अशा लिस्टिंगवर गर्दी कमी असते.

फोटोत मी चकाकी सगळ्यात शेवटी बघते. नवीन लोक नेमकं उलटं करतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण कुणीतरी बफिंग करून आरशासारखं केलेलं अॅल्युमिनियम, नवा रंग मारलेली बॉडी, यांना खूप बोली लागते आणि धुळीत पडलेलं पण सगळं मूळचं असलेलं मशीन तसंच राहतं. धूळ निघते हो, घासून गेलेलं मूळ फिनिश परत येत नाही. मी बघते ती खालची नेमप्लेट, मग पाइप, मग नॉझल आणि ब्रशचा सेट पूर्ण आहे का ते. जुना कापडी विणीचा पाइप बाहेरून छान दिसतो पण आतून हवा सोडतो, म्हणून सेलरला विचारायचं की पाइपचं टोक हाताने बंद केल्यावर ओढ जाणवते का. ब्रश, नॉझल, दांड्या नसतील तर ते एकेक जमवताना वर्षं जातात आणि शेवटी मशीनपेक्षा त्यांनाच जास्त पैसे पडतात. शक्य असेल तर चालू करून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. खरखर आवाज असेल तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. मोटरमध्ये मोठ्या निळ्या ठिणग्या दिसत असतील तर मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, खराब आहे, यातलं दुसरं असेल तर मी सोडून देते.

पॅकिंगबद्दल मात्र थोडं रागाने लिहितेय. माझ्याकडे हूवर १५० यायचा होता, १९३६ चा, हेन्री ड्रायफसने डिझाइन केलेला, मोटरवर बेकलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचं, झाकण असतं त्याला. सेलरने दांडा न काढता एकाच पातळ खोक्यात वर्तमानपत्रं कोंबून पाठवला आणि झाकण तीन तुकड्यांत आलं. ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू चार दिवसांच्या प्रवासात गेली. बेकलाइट एकदा घट्ट झालं की उष्णतेने परत वितळत नाही, म्हणून जोडायचं तर इपॉक्सीनेच, आणि रेघ दिसतेच. पैसे परत मिळाले पण झाकण गेलं ते गेलंच. तेव्हापासून बोली लावायच्या आधीच मेसेज करते: दांडा काढा, पिशवी काढून वेगळी गुंडाळा, खोक्यात खोकं घाला, जास्तीचे पैसे मी देते. जो सेलर यावर उत्तर देत नाही त्याच्याकडून घेत नाही. आणि गाडीने दोन-तीन तासांवर असेल तर सरळ जाऊन घेऊन या, किर्बीसारखं जड मशीन असेल तर शिपिंग कधीकधी मशीनपेक्षा जास्त होतं.

तुम्ही ओहायोत आहात तर एकदा वेळा विचारून नॉर्थ कँटनला जाऊनच या. कँटनमध्ये जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडूकाम करणारा माणूस होता, दम्याचा त्रास, झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव नकोसा व्हायचा, तर त्याने १९०७ मध्ये विजेची मोटर, पंखा आणि पिशवी म्हणून उशीचा अभ्रा असं जोडून मशीन बनवलं, १९०८ मध्ये पेटंट मिळालं आणि चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हूवरने ते विकत घेतलं. हूवर ज्या घरात वाढला तिथे आता संग्रहालय आहे. त्या काळची मशीन्स समोर बघितली की फोटोतलं खरं-खोटं ओळखायला डोळा तयार होतो, दहा व्हिडिओ बघून होत नाही तसा.

प्रश्न: ताई, मी पुण्याची. मुलगी लीड्सला असते, पुढच्या वर्षी कायमची परत येतेय. तिने तिकडच्या लिलावात एक हूवर ज्युनियर बघितलाय आणि अमेरिकेतल्या साइटवर एक गोल चेंडूसारखा हूवर. दोन्ही घेऊ का विचारते. आपल्याकडे चालतील का? मिस्टर म्हणतात जळून जाईल.

उत्तर: अमेरिकेच्या बाबतीत मिस्टरांचं बरोबर आहे. तो चेंडू म्हणजे कॉन्स्टेलेशन, पन्नाशीच्या दशकातला, त्याच्या पुढच्या मॉडेल्समध्ये बाहेर पडणाऱ्या हवेवरच मशीन जमिनीपासून जरासं उचललं जातं, फार सुंदर कल्पना. पण अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०. सरळ लावलात तर मोटर भलत्याच वेगाने फिरेल, कार्बन ब्रश पेटतील, वाइंडिंग जळेल. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तोही प्लेटवरच्या वॅटपेक्षा दणकट, ४०० वॅटचं मशीन असेल तर ६०० व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची ताकद व्हीएमध्ये लिहितात) तरी घ्या. ५० आणि ६० हर्ट्झची काळजी नको, या मोटर्स एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या असतात, प्लेटवर तसं लिहिलेलंही असतं.

इंग्लंडचा ज्युनियर मात्र घ्याच. तिकडे प्लेटवर २००-२२०, २३०-२५० असे वेगवेगळे आकडे दिसतात कारण पूर्वी त्यांच्या गावागावात व्होल्टेज वेगळं होतं, आपल्याला २३० बसेल तो बघायचा. प्लग बदलावा लागेल, आणि गंमत बघा, आपला गोल पिनांचा प्लग हा मुळात त्यांचाच जुना प्लग, त्यांनी १९४७ नंतर चौकोनी पिनांचा आणला आणि आपण जुनाच ठेवला. तिला सांगा गॉब्लिन नावही बघत राहा, ते ह्यूबर्ट सेसिल बूथच्या कंपनीचं. बूथ म्हणजे १९०१ मध्ये लंडनमध्ये घोडागाडीवर पंप ठेवून खिडक्यांतून लांबच लांब पाइप आत सोडून घरं साफ करणारा इंजिनिअर.

मशीन घरी आलं की उत्साहात लगेच प्लग लावू नका, प्लीज. जुन्या वायरचं रबर कडक होऊन आत तुटलेलं असतं, बाहेरच्या कापडावरून कळत नाही, आणि कित्येक जुन्या मशीन्सची बॉडी धातूची असून अर्थिंगच नसतं. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून वायर बदला, बॉडीला करंट येत नाही ना हे तपासा, पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून, म्हणजे मशीनच्या वायरमध्येच एक बल्ब जोडून, चालू करा, दोष असला तरी जास्त करंट जात नाही. डिमरस्टॅट मिळाला तर उत्तमच, हळूहळू व्होल्टेज वाढवत नेता येतं. काढलेली मूळ वायर फेकू नका, गुंडाळून मशीनबरोबर ठेवा.

कस्टमचं म्हणाल तर वापरलेल्या वस्तू अशा बाहेरून कुरिअरने मागवायला आपल्याकडे परवान्याची अट आहे, म्हणून पुण्यातून स्वतः ऑर्डर करू नका. मुलगी कायमची परत येतेय तर तिच्या घरच्या वापरलेल्या सामानात, यादीत नीट लिहून आणू दे, आणि निघायच्या आधी कस्टमचे त्या वेळचे नियम तिने स्वतः वाचावेत.

प्रश्न: मॅडम, माझे बाबा ऐंशीच्या दशकात दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचे, ठाणे, डोंबिवली, कल्याण. त्यांचा डेमोचा युरोक्लीन अजून माळ्यावर आहे, खोक्यासकट. भाऊ म्हणतो ओएलएक्सवर टाकू. किती येतील?

उत्तर: फार येणार नाहीत, खरं सांगते, आणि म्हणूनच विकू नका. युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये सुरू झाली ती स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सबरोबर भागीदारीत, आणि दारोदार जाऊन डेमो देऊन विकायची पद्धतही तिकडचीच. आपल्या कितीतरी घरांत व्हॅक्यूम क्लीनर पहिल्यांदा आला तो असा, टाय लावलेल्या एका मुलाच्या हातातून, जो गादीतली धूळ काढून दाखवायचा आणि घरातल्या बायका बघतच राहायच्या. माझ्या आईनेही असाच घेतला होता. अमेरिकेतले संग्राहक सेल्समनची डेमो किट, माहितीपत्रकं, गॅरंटी कार्ड असल्या गोष्टी मशीनइतक्याच जपतात, आपल्याकडे हे सगळं रद्दीत गेलं. तुमच्याकडे खोक्यासकट आहे आणि ते चालवणारा माणूसही घरातच आहे!

खोकं माळ्यावरून खाली काढा, उंदीर आणि दमट हवा दोन्हींपासून लांब ठेवा, रबरी भाग मशीनपासून वेगळे ठेवा नाहीतर चिकटतात. बिलबुक, बॅज, ट्रेनिंगचे कागद काही सापडले तर फोटो काढून ठेवा. आणि बाबांना एकदा हॉलमध्ये उभं करून पूर्ण डेमो द्यायला सांगा, बेल वाजवल्यापासून ते सही घेईपर्यंत, तेव्हा बोलायचे अगदी तसंच, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मशीन चालू नसेल तरी चालेल. प्लेटचा फोटो मला पाठवा, कुठलं मॉडेल आहे ते मिळून शोधू.