चार इंची अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावून प्लायवूड कापलं तर चालेल का?

नाही, गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) लावलेलं असलं तरी चालत नाही. ग्राइंडरची चकती घासून कापते, दातेरी ब्लेडचा दात मात्र लाकडात रुततो. हात जरा तिरका झाला किंवा काप मिटून ब्लेड चिमटलं, की मशीन झटक्यात उलटं अंगावर येतं. सर्क्युलर सॉला (लाकूड कापायच्या गोल ब्लेडच्या मशीनला) लाकडावर टेकणारी सपाट प्लेट आणि बोट सोडताच बंद होणारा ट्रिगर असतो. ग्राइंडरला प्लेट नसते, आणि बऱ्याच मॉडेलचा सरकवायचा स्विच चालूच अडकून राहतो. म्हणजे हातातून सुटलेलं मशीन फिरतच राहतं. वेगातही फरक आहे: ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, सात इंची सॉ ५,००० च्या आसपास. शिवाय बाजारातल्या ११० मिमी ब्लेडचं भोक बहुधा २० मिमी असतं, ते मार्बल कटरसाठी. ग्राइंडरवर मात्र १६ मिमी भोकाचंच बसतं. मग लोक वॉशर घालून जुळवतात, ब्लेड मध्यावर बसत नाही आणि थरथरतं. मोठं ब्लेड बसावं म्हणून गार्ड काढणं तर सरळ जिवाशी खेळ.

सरळ कापासाठी सर्क्युलर सॉ, वळणासाठी जिगसॉ घ्या. एक-दोनच काप असतील तर हातकरवत पुरते.

लाकूड घासायचं असेल तर मात्र ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची चकती) चालते: गार्ड जागेवर, बाजूचं हँडल लावलेलं, डोळ्यांवर गॉगल. चकती बदलताना आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.